खांबाच्या अलीकडे

पांडुरंग घवाळी गुहागरहून बहरीनला आला तो रिगर म्हणून. हिद्दच्या यार्डात क्रेनखाली उभं राहायचं आणि वर केबिनमध्ये बसलेल्याला हातांनी सांगायचं : उचल, उतर, डावीकडे फिरव. अमेरिकन फुटबॉलमधला चेंडू फेकणारा, म्हणजे क्वार्टरबॅक, तो निव्वळ योगायोगाने झाला. एका अमेरिकन इंजिनिअरने त्याला दोराचं वेटोळं उंचावरच्या हुकावर नेमकं फेकताना पाहिलं आणि शुक्रवारी मैदानावर बोलावलं. दोन्हीकडे निमुळता चेंडू हातात घ्यायचा, तीन सेकंदांत कोणाकडे फेकायचा ते ठरवायचं आणि फेकायचा. अंगावर कोणी पडत नाही. कमरेची फीत ओढली की डाव थांबतो. "आणि ह्याला फुटबॉल म्हणतात?" त्याच्या बायकोने, मथुराने विचारलं. पांडुरंग नऊ वर्षं खेळला, पण ह्या प्रश्नाचं उत्तर त्याला काही सापडलं नाही.

मग खांदा कामातून गेला. अदलियात रेस्टॉरंट चालवणाऱ्या ताहिरने त्याला आपल्या क्लबचा पगारी कोच केलं. यार्डाचा व्हिसा सोडून त्याने क्लबचा घेतला. रहिवासी कार्डावर 'कोच' असं छापून आलं तेव्हा मथुराने ते देवापुढे ठेवलं, त्यामुळे पांडुरंग दोन दिवस कार्डाशिवाय फिरला. ताहिरची अट साधी होती. "फायनल जीता तो रिन्यू. नहीं तो खलास." रिन्यू झालं नाही तर मुलीला, अपेक्षाला, दहावी अर्धवट टाकून सगळ्यांबरोबर गुहागरला जावं लागणार होतं. ही अट पांडुरंगाने घरी सांगितली नव्हती. मथुराला ती अर्थातच माहीत होती.

शिकवावं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं. क्रेन ठाऊक होती, म्हणून त्याने क्रेनच शिकवली. अंगठा वर म्हणजे लांब फेक. बोट खाली करून फिरवलं की जवळ. हात बाजूला म्हणजे त्या अंगाने पळ. पहिला धडा मात्र वेगळा होता : दोन्ही हात आडवे पसरून हलवले की असाल तिथे थिजायचं. मी पुन्हा खूण करीपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही. कशाला, ते मग विचारायचं.

फायनल सनाबिसच्या मैदानावर, हिद्दच्या संघाशी. मध्यंतराला एकोणीस-शून्य, हिद्द पुढे. पांडुरंगाने हात हलवायचा अवकाश, समोरचे आधीच तिथे हजर. त्याने त्यांच्या कप्तानाकडे निरखून पाहिलं. टोपीखाली राजन होता. बारा वर्षं ज्याच्या क्रेनला त्याने हात दाखवले, तो राजन. बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं नसेल इतकं राजनने ह्या दोन हातांकडे पाहिलं होतं.

"हात दाखवून अवलक्षण," पांडुरंग पुटपुटला.

त्याचा क्वार्टरबॅक मयुरेश बँकेत होता, डोक्याने तल्लख. "कोच, सिम्पल आहे. खोटा सिग्नल द्या. डावीकडे दाखवा, आम्ही उजवीकडे जातो."

"नाय जमायचा."

"पण का?"

"लोडखाली माणूस असतो रे."

"इथे कुठे लोड आहे?"

 पांडुरंगाने दोन्ही हात खिशात घातले. "तुमचा तुम्ही ठरवा."

पोरांनी ठरवलं आणि बरं ठरवलं. एकोणीस-अठरा झाले. सहा सेकंद उरले असताना मयुरेश स्वतःच चेंडू घेऊन कोपऱ्याकडे सुटला. रेषा चार पावलांवर. त्याच्यासमोर राजन, त्याच्यावर नजर लावून उलट्या पावली धावत होता, आणि राजनच्या मागे दिव्याचा लोखंडी खांब होता. खांबाला गुंडाळायची गादी गेल्या आठवड्यात धुवायला नेली होती ती इंशाल्ला येणार होती.

पांडुरंगाने अपेक्षाचा विचार केला नाही. व्हिसाचाही केला नाही. हात खिशातून कधी निघाले हे त्यालाही कळलं नाही. कोपऱ्याच्या कडेला, दोघांनाही दिसेल अशा जागी उभ्या पांडुरंगाने दोन्ही हात आडवे पसरून हलवले.

राजन थिजला. मयुरेशही थिजला, चेंडू काखेत धरून, रेषेच्या पाऊलभर अलीकडे. मागचे सगळे थिजले. रेफरीने शिट्टी तोंडाला लावली, पण कशाबद्दल वाजवावी हे कळेना, म्हणून वेळ संपल्यावर वाजवली.

हरले.

ताहिर तणतणत मयुरेशपाशी आला. "तू रुका क्यों?"

"कोचने बोला रुको."

"एक कदम था!"

"हां. पर कोचने बोला."

 ताहिर पांडुरंगाकडे वळला. "किचन में आग लगा था, मैं चिल्लाया, कोई नहीं रुका. एक वेटर ने तो मेरे सामने बिल रखा." त्याने घाम पुसला. "कल कार्ड लेके आ, रिन्यू करेंगे. और हफ्ते में दो दिन मेरे वेटर लोग को भी सिखा. यल्ला, चल."

 डोळे पुसायला पांडुरंगाने तोंड फिरवलं, तर कोपऱ्यात राजन अजून तसाच उभा. डोकं खांबापासून वीतभर. पाठीमागे काय आहे हे त्याने वळूनही पाहिलं नव्हतं. त्याचे सोबती कप घेऊन फोटो काढत होते आणि त्याला हाका मारत होते.

"पांडूभाई," तो जागचा न हलता म्हणाला, "सिग्नल?"

पांडुरंगाने हात वर केला, बोट आभाळाकडे धरलं आणि हळूच फिरवलं. उचल.

मग राजन हलला.