चार पावलं जास्त

“मग तो परत आला की नाही, एवढंच सांगा,” पुढच्या रांगेतल्या दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. “दीड तास बसलेय मी. तेवढा हक्क आहे माझा.”

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह, रविवारची दुपार, सत्तरएक खुर्च्या आणि त्यांतल्या साठ भरलेल्या. सिनेमा संपून दिवे लागले होते. पडद्यासमोर आमची दिग्दर्शिका माइक धरून उभी होती. वय अठ्ठावीस, पहिलाच सिनेमा, आणि तोही दोन पुरुषांच्या संसाराचा. नऊ दिवसांत, मावशीच्या फ्लॅटमध्ये, मावशीच्याच चादरी-टेबलक्लॉथसकट उरकलेला. अकरा वर्षं एकत्र राहिलेल्या दोघांपैकी धाकटा शेवटी घरच्यांच्या दबावापुढे वाकतो आणि बॅग भरून निघून जातो. शेवटच्या दृश्यात थोरला स्वयंपाकघरात टेबलाशी एकटा बसलेला आहे. गॅसवरची शिट्टीची किटली दिसत नाही, नुसती ऐकू येते. शिट्टी वाढत जाते. थोरला उठत नाही. मग कुणीतरी चार पावलं चालत येतं, गॅसचं बटण खट्कन फिरतं, शिट्टी थांबते. पडदा काळा.

ती चार पावलं दिग्दर्शिकेने लिहिलेली नव्हती. ती माझी होती, चुकून पडलेली, आणि ती कशी पडली हे त्या सभागृहात फक्त मला ठाऊक होतं.

माझा धंदा सांगतो, नाहीतर कळायचं नाही. सिनेमात माणसं चालताना जे ऐकू येतं, ते बऱ्याचदा त्यांचं चालणं नसतंच. एका बंद खोलीत पडद्यावर चित्र लावून कुणीतरी त्याच्या तालावर चालतं आणि ते नंतर चिकटवलं जातं. ते कुणीतरी म्हणजे मी. एकतीस वर्षं मी लोकांची पावलं वाजवली. नवरीची वाजवली, खुन्याची वाजवली, नारळाच्या करवंट्या घेऊन घोड्याचीसुद्धा वाजवली. धंद्यात मला सगळे पाऊलकाका म्हणतात. एकतीस वर्षांत माझं एक पाऊल इकडचं तिकडे झालं नव्हतं, आणि याचा मला गर्व आहे. उगाच नम्रपणा दाखवायचं माझं वय राहिलेलं नाही.

“परत आला, म्हणून तर सगळं वाया गेलं,” मागून एक निवृत्त मुख्याध्यापक उठले. “शेवटपर्यंत बरं चाललं होतं. अंधार होता, कॅमेरा हलत होता, पण प्रामाणिक होतं. शेवटी गोड करून टाकलंत. आणि यातून समाजाने काय घ्यायचं, तेही कळलं नाही.”

“समाजाने स्वतःची भांडी स्वतः घासायला घ्यावीत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. लोक हसले.

“दीड तासात काही घडतच नाही हो,” एक गृहस्थ म्हणाले. “आमच्या घरीही काही घडत नाही, पण आम्ही त्याचं तिकीट लावत नाही.”

तिसऱ्या रांगेत दोन तरुण एकमेकांना खेटून बसले होते. त्यांतला चष्मेवाला म्हणाला, “मला एक सांगायचंय. आम्ही दोघं चार वर्षं एकत्र राहतो. आम्ही एवढं रडत नाही. आम्ही ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला यावरून भांडतो. पण ती शेवटची पावलं आली ना, तेव्हा याने माझा हात इतका दाबला की अजून दुखतोय. आपल्यातला एक तरी परत येतो हे कधी दाखवतच नाहीत. तेवढं काढू नका.”

“पण तो परत आला असेल तर थोरला वळून का बघत नाही?” मुख्याध्यापकांनी विचारलं. “माणूस परत येतो आणि हा बघत नाही? ही सरळसरळ चूक आहे. आवाजवाल्याची.”

माझ्या शेजारी ताई बसली होती. माझी थोरली बहीण, वय बहात्तर. आमच्या घराचा खालचा मजला तिचा, वरचा माझा. सिनेमात भावाचं नाव येणार म्हणून ती आली होती. पहिला अर्धा तास तिने पर्सच्या चेनशी चाळा केला, मग माझ्या कानात म्हणाली, “दोन बाप्ये नुसते कपबश्या विसळतायत. यात बघायचं काय?” त्यानंतर मात्र ती गप्प होती. चर्चा चालू असताना तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

दिग्दर्शिकेने पाहिलं. मिक्सिंगच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायच्या, तिसऱ्या दिवशी ती बिचारी सोफ्यावर बसल्याबसल्या झोपली होती. शेवटचं दृश्य तिने पूर्ण आवाजासकट आज पहिल्यांदाच ऐकलं होतं. मंगळवारी सिनेमाची प्रत स्पर्धेला जायची होती. पावलं ठेवायची तर साठ लोकांसमोर ‘हे माझंच’ म्हणून तिला खोटं बोलायला हवं, आणि चूक म्हणायचं तर आवाजवाल्याचं, म्हणजे माझं, नाव जाणार. ती माइक या हातातून त्या हातात घेत राहिली.

सोपा मार्ग माझ्यापुढे होताच. तोंड बंद ठेवायचं. निम्म्या सभागृहाने माझ्या चुकीला कला ठरवलंच होतं, मी नाही म्हणायचं काय कारण? पण दुसऱ्याच्या गोष्टीत आपला पाय घालून वर मिरवायचं, हे मला जमणारं नव्हतं.

मी उठलो.

“आवाजवाला मी,” म्हटलं. “मुख्याध्यापक बरोबर बोलतायत. ती पावलं चुकून पडलीत. हिच्या गोष्टीत तो परत येत नाही.”

सभागृहात कुजबुज झाली. चष्मेवाल्याने डोकं मागे टेकवलं.

“पण चुकून कशी पडतील?” डॉक्टरबाईंनी विचारलं. “चार पावलं, वर गॅसचं बटण. चुकून माझ्या हातून जास्तीत जास्त आरसा खाली पडतो.”

प्रश्न रास्त होता. “आमची एक पद्धत असते,” मी म्हणालो. “एका माणसाची चाल धरली की सिनेमा संपेपर्यंत तीच धरायची. थोरल्याची सगळी पावलं आधी, मग धाकट्याची, पहिल्या दृश्यापासून एका दमात. शेवटच्या दृश्यात धाकटा नाही, तेव्हा मी नुसतं उभं राहायचं होतं. पण कानात किटलीची शिट्टी वाजायला लागली आणि माझे पाय चालायला लागले. आवाजासाठी ठेवलेलं गॅसचं बटण हाताशी होतं, तेही फिरवलं. मिक्सिंगवाल्याला वाटलं पाऊलकाकांनी केलंय म्हणजे ठरलेलं असणार, त्याने शिट्टी थांबवली. मी केलेलं काम नेहमी परत ऐकतो. त्या दिवशी मला ऐकवेना, म्हणून ऐकलं नाही. सवयीने झालं.”

“कसली सवय?” कुणीतरी विचारलं.

इथे मी अडलो. उत्तर तयार होतं, छत्तीस वेळा स्वतःशी घोकलेलं. पण शेजारी ताई बसली होती आणि तिच्यासमोर हे उत्तर मी सव्वीस वर्षं दिलं नव्हतं.

“ती भाडेकरूची चाल आहे,” ताई म्हणाली.

ती बसूनच बोलली, समोर बघत. आवाज मोठा नव्हता, पण सभागृह एवढं शांत होतं की पार मागेपर्यंत गेला.

“डावी टाच ओढतो तो,” ती म्हणाली. “दोन पावलं सरळ, तिसऱ्याला ओढ, चौथं परत सरळ. सव्वीस वर्षं माझ्या डोक्यावर चालत होता. मला नाही कळणार?”

भाडेकरू म्हणजे कोण, हे सांगायला हवं. आम्ही घर वर-खाली वाटून घेतलं त्याच वर्षी तो माझ्याकडे राहायला आला. नकाशे काढायच्या कचेरीत होता. ताईने पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांना सांगून टाकलं की धाकट्या भावाने वर भाडेकरू ठेवलाय. आपण भाडेकरू आहोत हे त्याला स्वतःला दोन वर्षांनी कळलं, आणि कळल्यावर तो इतका हसला की त्याला उचकी लागली. पुढे मीही त्याला लाडाने भाडेकरूच म्हणायचो. सकाळी किटली मी ठेवायचो आणि विसरायचो. शिट्टी झाली की सपाता ओढत जाऊन बंद तो करायचा. मागच्या वर्षी तो दवाखान्यात गेला आणि नवव्या दिवशी वारला. ताई स्मशानात आली, सगळं तिने निगुतीने केलं, आणि भेटायला येणाऱ्यांना सांगितलं, आमचे भाडेकरू गेले.

धाकट्याच्या चालीसाठी मी त्याच्याच सपाता घातल्या होत्या. मला वाटलं होतं, पडद्यावरच्या त्या पोराला थोडी चांगली चाल मिळेल. खरं सांगायचं तर मलाच त्या घालायच्या होत्या.

“ताई,” मी म्हणालो, “भाडेकरू नव्हता तो.”

“मग सांग ना कोण होता,” ताई म्हणाली. आता तिने माझ्याकडे पाहिलं. “मला विचारतायत का ते? तुला विचारतायत.”

“माझा जोडीदार होता,” मी साठ लोकांना सांगितलं. “संसार केला आम्ही. सव्वीस वर्षं. गेल्या वर्षी गेला. ही त्याची चाल आहे.”

मला वाटलं होतं हे म्हणताना आवाज कापेल. नाही कापला. उलट इतका मोकळा आला की मलाच बरं वाटलं. टाळ्याबिळ्या कुणी वाजवल्या नाहीत, तेही बरं झालं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला.

“मग ती पावलं राहू द्या, काका,” चष्मेवाला म्हणाला. “आता तर राहूच द्या.”

“आता तर काढाच,” मुख्याध्यापक म्हणाले, पण हळू, भांडणाच्या सुरात नाही. “त्यांचा माणूस आहे तो. सिनेमातल्या माणसाच्या नावावर कशाला?”

यावरून पुन्हा फाटे फुटले. निम्मे ठेवा म्हणत होते, निम्मे काढा. गंमत अशी की ज्यांना सिनेमा रटाळ वाटला होता तेही आता तावातावाने भांडत होते. दिग्दर्शिका माइक घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “काका, तुम्ही म्हणाल तसं. ठेवू या?”

“नाही,” मी म्हणालो. “तुझा धाकटा सोडून गेलाय. जिवंत आहे, मनात आलं तर उद्या येऊ शकतो, तरी येत नाही, हे दुखणं आहे तुझ्या सिनेमाचं. माझा असता तर आलाच असता. मी त्याला तुझ्या घरात घुसवला आणि तुझी गोष्ट मोडली. उद्या सकाळी येतो, काढून टाकू.”

परतीच्या रस्त्यावर ताई माझ्या पुढे चालत होती. रागावली की ती नेहमी पुढे चालते. दारात किल्ली फिरवताना एवढंच म्हणाली, “लोकांसमोर बोललास ते बरं केलंस. माझ्यासमोर आधी बोलायला काय झालं होतं?”

“तू कधी विचारलं नाहीस.”

“मी थोरली आहे,” ती म्हणाली. “मी विचारायचं असतं होय?” आणि आत गेली. हिच्यापुढे कुणाची मात्रा चालली आहे?

सोमवारी सकाळी दहाला मी स्टुडिओत पोचलो. मिक्सिंगवाला तोंड पाडून बसला होता. एवढा शब्दाला जागणारा माणूस, त्याला वाटत होतं चूक त्याची. मी त्याला म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवलास ही काही चूक नाही. त्याने त्या पावलांच्या आवाजाची पट्टी पडद्यावर उघडली. चार लहान डोंगर, तिसरा जरा लांबट, आणि मग बटणाचा एक काटा. ते काढायला चहा पिऊन होईपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. नंतर आम्ही दृश्य लावून पाहिलं. थोरला टेबलाशी बसला आहे, किटली ओरडते आहे, ओरडतच राहते, पडदा काळा झाला तरी ओरडते. ऐकायला फार वाईट होतं ते. दिग्दर्शिकेने डोळे पुसले आणि म्हणाली, “हाच होता माझा शेवट.” मी मान हलवली. काम चोख झालं होतं.

घरी आलो तर ताई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती.

“काढलीस?”

“काढली.”

“चारही?”

“चारही.”

तिने पदराने कपाळ पुसलं. उन्हं काही फार नव्हती.

“बरोबर केलंस,” ती म्हणाली. “चूक ती चूक.” मी जिना चढायला तिला ओलांडून जाणार, तेवढ्यात म्हणाली, “वर्ष झालं, वरून काही आवाज येत नाही. तू चालतोस, पण तू मांजरासारखा चालतोस. सिनेमात ते ऐकलं आणि मला वाटलं... जाऊ दे. परत काही ऐकायला मिळायचं नाही, एवढंच.”

एकतीस वर्षं दुसऱ्यांसाठी चाललो, आणि हे मला कधी सुचलं नव्हतं.

“आत जाऊन बस,” मी तिला म्हणालो. “खिडकीजवळच्या खुर्चीवर.”

ती उठली, गुडघ्यावर हात टेकून. कशाला, असं तिने विचारलं नाही. मी वर गेलो, सपाता घातल्या आणि दारापासून चालायला लागलो. दोन सरळ, तिसऱ्याला डावी टाच ओढून, चौथं सरळ. खिडकीपर्यंत गेलो, वळलो, परत आलो. मी थोडा थांबलो आणि मग आणखी एक फेरी मारली, त्याच्यासारखीच सावकाश.