पिंप्राळ्यातला पीपी नंबर

चुडामणने फोनची वायर उपसली, मोडेममध्ये खोचली आणि दाराला आतून कडी घातली. दिवसाढवळ्या आपल्याच घराला कडी घालताना त्याला ओशाळल्यासारखं झालं. पण मोडेम किंचाळू लागला तसा तो खुर्ची ओढून बसला.

कॉम्प्युटर जुनाट होता, बंद पडलेल्या एका डाळमिलच्या ऑफिसातून उचललेला. मुंबईत कुणा हौशी माणसाने आपला कॉम्प्युटर फोनलाच जोडून ठेवला होता. मोडेमवरून तो नंबर लावला की पडद्यावर हिरव्या अक्षरांत लोकांचे निरोप दिसत, आपले ठेवता येत, प्रोग्राम उतरवून घेता येत. जळगावात चुडामण कॉम्प्युटरचं काही बोलू लागला की लोक त्याला टायपिंगच्या क्लासची फी विचारत. इथे मात्र अनोळखी माणसं त्याच्या उत्तराची वाट बघत. रविवारी एसटीडी स्वस्त पडे, म्हणून हा सारा कारभार रविवारचा. त्यात बायको भडगावला माहेरी गेलेली. ती असती तर कडी घालायची त्याची छाती झाली नसती.

अडचण एकच होती आणि ती त्यानेच ओढवून घेतली होती. पिंप्राळ्याच्या त्या गल्लीतला पहिला फोन त्याच्याकडे आला तेव्हा त्याने पेढे वाटले होते आणि आमचा नंबर पीपी, म्हणजे शेजाऱ्यांचा फोन म्हणून खुशाल द्या, असं दारोदार सांगितलं होतं. शेजारच्या भागाबाईने ते मनावर घेतलं. तिचा मुलगा भटू सुरतेला साड्यांच्या कारखान्यात होता. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा आणि ती पाय धुऊन आधीच येऊन बसायची. मधूनमधून रिसीव्हर उचलून फोन जिवंत आहे ना तेही बघायची. मागच्या रविवारी तिने असाच रिसीव्हर उचलला आणि उतरत आलेला प्रोग्राम शेवटाशी येऊन तुटला.

म्हणून आज सकाळी ती आली तेव्हा तो दारातच आडवा उभा राहिला होता.

"अक्का, फोन डेड आहे."

भागाबाईची सून सुरतेला दवाखान्यात होती. पहिल्या खेपेचं मूल हाती लागलं नव्हतं, आणि या वेळी डॉक्टरांनी ऑपरेशनचं सांगितलं होतं. काय झालं ते भटू आज कळवणार होता. चुडामणला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असूनही तो खोटं बोलला. ती "बरं भाऊ" म्हणून गेली, आणि बाळंतपण काय घड्याळ बघून होतं, तासाभराने फोन आला तर काय बिघडतं, अशी त्याने मनाची समजूत घातली.

पडद्यावर एकाएकी वेडीवाकडी अक्षरं आली आणि लाइन तुटली. तो चरफडत उठला तोच दार वाजलं.

दारात भागाबाई होती. मागे हिलाल लाइनमन, खांद्यावर वायरचं भेंडोळं. रेल्वे गेटपलीकडच्या त्याच्या घरी भर उन्हात चालत जाऊन तिने त्याला जेवणावरून उठवून आणलं होतं. तिचा पदर घामाने ओला झाला होता.

"तुमना फोन बिघडेल शे म्हनीसन मीच यास्ले लई उनू," ती म्हणाली. "नहीते दोन-चार दिन कोनी येस नही. तुमनी बी अडचन व्हस ना, भाऊ."

हिलालने खांबावर चढून लाइन तपासली होती, तेव्हाच मोडेमचं किंचाळणं त्याच्या कानावर पडलं असावं. टेबलावरच्या मोडेमकडे त्याने एकदा पाहिलं.

"लाइन चांगली आहे, सर. फोनला जोडा."

चुडामणने वायर फोनला जोडली. एवढं साधं काम दोनदा चुकलं. जोडल्याबरोबर फोन वाजला.

भटू नेहमी ओरडूनच बोलायचा, त्यामुळे खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. भागाबाई रिसीव्हर कानाला धरून तशीच खाली बसली आणि रडू लागली. चुडामणलाही हायसं वाटलं, पण तेवढ्यात भटूने विचारलं,

"सकायपासून लावी ऱ्हायनू माय, एंगेजच लागस. इतला येळ कोन बोली ऱ्हायंतं?"

भागाबाईने मान वर केली. तिने मोडेमवरचे तांबडे दिवे पाहिले, आणि मग चुडामणकडे पाहिलं. हिलाल दाराबाहेर बघू लागला.

"कोनी नही रे बेटा," ती म्हणाली. "फोन बिघडेल व्हता."

मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात ते काय, हे चुडामणला त्या घटकेला कळलं. तिचं बोलणं संपलं. तिने नेहमीसारखा रिसीव्हर पदराने पुसून जागेवर ठेवला. तो चहाचं बोलला तर ती नको म्हणाली, गल्लीत सगळ्यांना सांगायचं होतं. हिलाल सायकल काढायला गेला. ती उंबऱ्याशी पोचली आणि मागे वळली.

"भाऊ, पुढला आयतवारले बिघडनार व्हई ते पह्यलेच सांगी देज्यात. मी भटूले सोमवारले लावाले सांगसू."

टोमणा असता तर त्याने तो सोसला असता, काहीतरी उत्तरही दिलं असतं. पण ती खरंच विचारत होती, आणि त्याने सांगावं म्हणून उंबऱ्यात थांबली होती.