वाचता येईल अशी रेघ

आमच्या प्रयोगशाळेत खोडरबर नाही. मी कामाला लागले त्या दिवशी मास्तरांनी माझ्या पिशवीतली पेन्सिल काढून आपल्या खणात टाकली आणि हातात एक काळं पेन दिलं. नोंदवहीत आकडा चुकला तर पट्टी धरून त्यावर एकच आडवी रेघ मारायची. रेघ अशी, की खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी आपली आद्याक्षरं आणि तारीख.

"चुकणारा माणूस मला चालतो," ते म्हणाले. "गिरवणारा नाही चालत."

मास्तर खरं तर मास्तर नव्हते, हुद्दा तंत्रज्ञाचा. पण एकतीस वर्षं विद्यापीठात विज्ञान शिकायला आलेल्या प्रत्येकाला काचेची नळी न फोडता कशी धुवायची आणि आकडा न गिरवता कसा सुधारायचा, हे त्यांनीच शिकवलं होतं. आताचे कुलसचिवसुद्धा त्यातलेच. त्यामुळे सगळे त्यांना मास्तरच म्हणत. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन वर्षावर्षाच्या करारावर त्यांची मदतनीस म्हणून आले होते. पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या दशांश स्थळावरून त्यांच्याशी वाद घातला आणि नेमकं माझंच बरोबर निघालं. तेव्हापासून माझं नाव पडलं दशांश. दशांश, डबा खाल्लास का. दशांश, पंखा बंद कर, तराजू हलतोय. हे नाव घरीही पोचलं. मी भाजीत मीठ चमच्यानं मोजून घालायला लागले की आई मला त्याच नावानं बाजूला सारायची.

आई विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. तिथल्या एकशे ऐंशी मुली तिला मावशी म्हणतात आणि मी अधूनमधून त्यांचा हेवा करते, कारण त्यांना ती माझ्यापेक्षा कमी रागावते.

वर्षातून एकदा आम्ही विद्यापीठातल्या सगळ्या इमारतींचं पाणी तपासतो. त्या वर्षी वसतिगृहाच्या पाच नळांच्या पाण्यात शिसं निघालं. पाण्यातल्या शिशाला रंग नसतो, वास नसतो, चव नसते; काचेत धरलं तर पाणी लख्ख दिसतं. लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. चार नळांचं पाणी त्याच्या दुपटीच्या आसपास होतं. पाचवा नळ स्वयंपाकघरातला. तिथला आकडा ०.०४१. मास्तरांनी यंत्र पुन्हा जुळवायला लावलं, नमुने पुन्हा आणायला लावले, तीन वेळा मोजून घेतलं. आकडा हलला नाही. पाइप जुने होते, दुसरं काही कारण नव्हतं.

आमच्या हस्तलिखितावरून अहवाल कुलसचिवांच्या कार्यालयात टंकला गेला. चार प्रती निघाल्या, प्रत्येकीवर 'गोपनीय' असा शिक्का. एक आमच्याकडे आली. मास्तरांनी ती न वाचताच कपाटात ठेवली, मोजलेलं त्यांना पाठ होतं. त्यांनी वाचली ती सोबतची चिठ्ठी. प्रवेशाचे दिवस आहेत, पाइप बदलायचं काम पुढच्या वर्षी घेऊ, तोवर कुठे वाच्यता नको. त्यांनी त्याच दुपारी कार्यालयाला पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी दुसरं. मग तिसरं. तिन्हींची पोच आली, उत्तर एकाचंही नाही.

आईला मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं आणि घरून पाण्याची बाटली न्यायला लावली होती. दोन दिवस तिनं नेली. तिसऱ्या दिवशी बाटली ओट्यावरच राहिली.

"त्या पोरींच्या पेल्यात नळाचं ओतायचं आणि आपण कोपऱ्यात जाऊन बाटलीतलं प्यायचं," ती म्हणाली. "घोट गळ्याखाली उतरत नाही गं."

ती वॉर्डनबाईंकडे गेली. बाई म्हणाल्या, कागद दाखवा, नाहीतर अफवा पसरवल्याचा ठपका तुमच्यावर येईल. मग आईनं तिला सुचलं ते केलं. सगळं पिण्याचं पाणी ती रोज पहाटे उठून उकळायला लागली, मोठ्या पातेल्यात, चांगलं अर्धा तास. मला हे कळलं आठ दिवसांनी. शिसं उकळून जात नाही हे तिला सांगायचं माझ्या जिवावर आलं. उलट पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं, म्हणजे घोटाघोटात ते वाढतं. मी सांगितलं. ती हातातला डाव घेऊन तशीच स्टुलावर बसली आणि पातेल्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी कागद बाहेर काढायचं ठरवलं.

मला वाटतं, माझ्याइतक्या काळजीनं कुणी चोरी केली नसेल. मास्तर दुपारी डबा घेऊन व्हरांड्यात बसतात तेव्हा कपाटाची किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला असते. मी हातमोजे घालून अहवाल काढला, ग्रंथालयाच्या तळघरात त्याची झेरॉक्स केली आणि मूळ प्रत जागच्या जागी ठेवली. एकूण चौदा मिनिटं. रस्ते, गटारं, पाणी यांवर नेटानं लिहिणाऱ्या एका पत्रकार बाईंचा पत्ता बाटल्यांची लेबलं छापतो त्या यंत्रावर छापला. मागे पत्ता नाही, पत्र नाही. प्रत्येक पायरीला काय खूण मागे राहते याचा विचार केला होता. प्रयोगात करतो तसाच.

आणि मग पाकीट चिकटवण्याआधी मी अहवाल एकदा वाचून काढला. कुठलाही कागद देण्याआधी वाचायची सवय.

पाचव्या ओळीत ०.४१ होतं. दशांशचिन्हापुढचं एक शून्य टंकताना गळलं होतं. म्हणजे आकडा दसपट झाला होता. चूक माझ्या फायद्याची होती, ०.४१ वाचून अख्खं शहर हादरलं असतं. पण तो आकडा मी मोजला होता, तीनदा, आणि तो ०.०४१ होता. मी फार विचार केलाच नाही. हात आपणहून गेला. पट्टी, एक आडवी रेघ, वर ०.०४१. शेजारी आद्याक्षरं लिहायला पेन टेकवलं तेव्हा कुठे मला भान आलं आणि मी ते उचललं. तिथं नुसता एक ठिपका पडला. मी पाकीट चिकटवलं आणि तिसऱ्या चौकातल्या पोस्टाच्या पेटीत टाकलं.

बातमी अकराव्या दिवशी आली, पहिल्या पानावर. मी पोचले तेव्हा मास्तर खिडकीशी उभे राहून भिंगातून वर्तमानपत्र बघत होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी पेपराची घडी घातली, भिंग खणात ठेवलं आणि आज यंत्र नीट जुळव, कालचे आकडे जरा वर जात होते, एवढंच म्हणाले. ते हात धुवायला गेल्यावर मी घडी उघडली. अहवालाच्या पाचही ओळींचा फोटो होता आणि पाचव्या ओळीत माझी रेघ होती. ठिपकाही.

पत्रकार बाईंनी लिहिलं होतं की कागद पाठवणाऱ्यानं स्वतःच एक आकडा दहा पटींनी कमी केला आहे. घाबरवायला निघालेला माणूस असं करत नाही. म्हणून त्यांनी त्या नळाचं पाणी मिळवून दोन ठिकाणी तपासून घेतलं, आणि दोन्हीकडे ०.०४ आलं.

दुपारपर्यंत वसतिगृहाचे नळ बंद झाले, टँकर आला. मुली बादल्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या आणि मावशीला पाणी भरू लागल्या. त्या संध्याकाळी आईनं भाजीत मीठ मला मोजून घालू दिलं.

तीन दिवसांनी मास्तरांना आणि मला कुलसचिवांनी बोलावलं. मास्तरांच्या निवृत्तीला एकोणीस दिवस राहिले होते. ठपका आला असता तर एकतीस वर्षांनंतर त्यांना बडतर्फीचा कागद घेऊन घरी जावं लागलं असतं. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतून तिसऱ्या मजल्यावर जाताना मी ठरवून टाकलं की आत गेल्या गेल्या बोलायचं. माझं काय, करार एक वर्षाचा.

कुलसचिव वाईट माणूस नव्हते. थकलेले दिसत होते. त्यांनी पेपर टेबलावर उलगडला आणि पेन्सिलीचं टोक त्या रेघेवर ठेवलं. चारही प्रतींत ०.४१ आहे, ते म्हणाले. खरा आकडा फक्त तुमच्या नोंदवहीत. म्हणजे हे करणारा माणूस तुमच्या खोलीतला.

"मास्तर, तुम्ही केलंत का?"

"नाही."

"साहेब, मला जरा—" मी म्हटलं.

"दशांश," मास्तर म्हणाले, "खाली जा आणि ह्या वर्षीच्या नोंदवह्या घेऊन ये. साहेबांना बघायच्या असतील."

साहेबांनी काही तसं म्हटलं नव्हतं. पण मास्तरांनी सांगितलं की मी जाते. वह्या घेऊन वर आले तेव्हा मास्तर शांतपणे सांगत होते की चालू वही दाराशेजारच्या टेबलावर कायम उघडी असते, कुलपात ठेवायची नाही हा त्यांचाच नियम. रोज साठ मुलं तिच्यावरून जातात, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. मोजलेलं लपवायचं कशाला. मी वह्या टेबलावर ठेवल्या आणि पुन्हा तोंड उघडलं.

"मागच्या पाच वर्षांच्या राहिल्या," मास्तर म्हणाले.

पाच वर्षांच्या आणल्या. मग त्याआधीच्या दहा वर्षांच्या. तीन मजले खाली, तीन मजले वर, छातीशी वह्यांचा ढीग. दर वेळी मी धापा टाकत आत यायचे, आणि बोलण्याइतका श्वास येईपर्यंत त्यांना आणखी कुठलं तरी वर्ष आठवलेलं असायचं. चौथ्या फेरीला, जिन्याच्या वळणावर, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिथंच वह्या टेकवून थोडा वेळ उभी राहिले. मग वर गेले, ढीग ठेवला आणि भिंतीला टेकून गप्प राहिले.

कुलसचिव वह्या चाळत होते. कुठलंही वर्ष उघडा, कुणाचंही अक्षर असो, चुकलेल्या आकड्यावर एकच सरळ रेघ आणि वर बरोबर आकडा. शेकडो हात, एक रेघ. तपकिरी पुठ्ठ्याची एक जुनी वही मास्तरांनी हळूच त्यांच्या पुढ्यात सरकवली, खूण घालून ठेवलेल्या पानावर. कुलसचिवांनी ते पान बघितलं. शेजारची आद्याक्षरं बघितली, तारीख बघितली. मला उभ्या जागेवरून दिसत नव्हतं, पण त्यांनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"ह्यात मी चुकलो होतो," ते म्हणाले.

"मोजण्यात चुकला होतात. सुधारलंत ते बरोबर होतं."

कुलसचिवांनी वही मिटली. मग त्यांनी विचारलं, आवाज खाली आणून, की मास्तर, हे कोणी केलं याचा तुम्हाला अंदाज तर असेल.

"मी अंदाज नोंदवत नाही," मास्तर म्हणाले. "मोजलेलंच सांगतो."

कुलसचिवांनी समोरच्या कागदावर शेरा लिहिला, रेघ कोणाची हे निश्चित सांगता येत नाही. सही केली. मास्तरांनी पुढे वाकून पाहिलं आणि म्हणाले, "तारीख राहिली." त्यांनी तारीख घातली. वह्या मात्र मला एकटीलाच खाली न्याव्या लागल्या. मास्तरांचे गुडघे अचानक दुखायला लागले होते.

पाइप बदलायला सुरुवात झाली तेव्हा मास्तरांचा शेवटचा दिवस होता. निरोपाची भाषणं त्यांनी नको म्हणून सांगितली होती. दुपारी त्यांनी खण आवरला. भिंग, दोन पट्ट्या, चष्म्याची जुनी काडी, आणि तळाशी माझी पेन्सिल. ती त्यांनी माझ्यापुढे धरली.

"आता तुझ्याकडे ठेव. नवीन कोणी आलं की आधी त्याची काढून घे."

मग त्यांनी आपल्या पिशवीतून एक वही काढली. विद्यापीठाची नाही, त्यांची स्वतःची. पान उघडलं तर त्यावर वर्तमानपत्रातला तो फोटो नीट कापून चिकटवलेला. ०.४१, त्यावर रेघ, वर ०.०४१, शेजारी ठिपका.

मी बोलायला तोंड उघडलं. त्यांना कपाट, किल्ली, चौदा मिनिटं, सगळं सांगावंसं वाटत होतं. त्यांनी हातानंच थांबवलं.

"अख्ख्या कागदात तुझ्या फायद्याची एकच चूक होती," ते म्हणाले, "आणि तू तीच सुधारलीस. रेघ बरोबर आहे. आकडा बरोबर आहे. नोंद मात्र अर्धवट सोडलीस."

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली आणि टोपण काढून काळं पेन दिलं. ही वही कुठे जाणार, मी विचारलं. माझ्या घरी, ते म्हणाले, आमच्या घरात मी सोडून कुणाला आकडे आवडत नाहीत.

मी ठिपक्यापासून सुरुवात करून माझी आद्याक्षरं लिहिली. मग थांबले. तारीख त्या दिवशीची घालू का, मी विचारलं, ज्या दिवशी रेघ मारली त्या.

"सही आज करतेयस ना?"

"हो."

"मग आजची घाल. मागची तारीख घालायची नाही, हे तुला मी सांगायचं का, दशांश?"

मी आजची तारीख घातली. शाई ओली होती. मास्तरांनी वही लगेच मिटली नाही. पान तसंच उघडं धरून ते स्टुलावर बसले, मी त्यांच्या शेजारी बसले, आणि शाई वाळेपर्यंत आम्ही दोघं त्या पानाकडे बघत राहिलो.