आवाज कुठल्या कानात

तिने नादकाटा आपल्या कोपरावर आपटला आणि त्याचा देठ दादाच्या कपाळावर मधोमध टेकवला.

"कुठल्या कानात जास्त येतंय?"

दादाने डोळे मिटून घेतले. दिवसाला दहा-बारा माणसांना पाण्याखाली नेऊन आणणारा हा माणूस धाकट्या बहिणीच्या दवाखान्यात तोंडी परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला होता.

"उजव्या."

"नक्की?"

"अगं नक्की. डाव्याला दडे बसलेत, त्यात कुठून येणार?"

तिने कागदावर 'उजवा' असं लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं.

चार दिवसांपूर्वी तो सर्दी असताना पाण्यात उतरला होता. नाक चोंदलं असेल तर मुकाट्याने बोटीवर बसा, असं डायव्हिंग शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तोच बजावायचा. स्वतः मात्र नाकात थेंब घालून उतरला. सहा मीटरवर एक शिकाऊ बाई गडबडली आणि खाली जाऊ लागली. हा तिच्यामागे सुटला. खाली जाताना नाक चिमटीत धरून थोडी थोडी हवा हलकेच कानाकडे ढकलावी लागते, तरच पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा राहतो. तेवढी उसंत त्याला नव्हती. कान दुखायला लागल्यावर त्याने नाक दाबलं आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून फुंकलं. बाई सुखरूप वर आली. त्याचा डावा कान तेव्हापासून बंद होता.

दुर्बिणीतून तिला डावा पडदा लालसर दिसला होता, त्याच्यामागे थोडं पाणी. मधल्या कानाचं दुखणं. महिन्याभरात बरं होणारं. पण मग नादकाट्याचा आवाज डावीकडे जास्त यायला हवा होता. तो उजवीकडे येत असेल, तर त्या फुंकरीने आतल्या कानाला इजा झाली होती. तसं असेल तर त्याने पुन्हा खोल पाण्यात जाता कामा नये, कधीच. आतल्या कानाला इजा झाली की चक्कर येते, कधी कानात आपोआप काहीतरी वाजत राहतं. चक्कर येते का, हे तिने आल्या आल्या विचारलं होतं. तो नाही म्हणाला होता. ऐकण्याची चाचणी घेणारं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. आणि डायव्हिंग सेंटरच्या मालकाला आज संध्याकाळपर्यंत चिठ्ठी हवी होती: महिन्याने परत येणार, की दुसरा माणूस बघायचा.

"काय गं ठमे? तोंड का पाडलंस?"

"दादा, तू ऐकून सांगितलंस, की विचार करून?"

"म्हणजे?"

"पुष्कळ जण इथे फसतात. कान बंद आहे, त्यात जास्त कसं येईल, असं म्हणून चांगल्या कानाचं नाव घेतात. खरं तर उलट असतं." तिने काटा पुन्हा वाजवून स्वतःच्या कपाळाला लावला आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या कानात घातलं. "बघ, मी हा कान बंद केला, तर आवाज इकडेच मोठा येतो."

"बंद कानात?"

"हाडातून जातो तो. बाहेरचा गोंगाट नसतो ना."

"हे शास्त्र आहे की जादू?" तो हसला. "डावीकडे आला तर काय?"

"तर महिनाभर आराम. मग पाण्यात."

"आणि उजवीकडे?"

ती स्पिरिटच्या बोळ्याने काट्याचा देठ पुसायला लागली. देठ स्वच्छच होता. दादा तिच्या हाताकडे बघत राहिला. आपण हे आधी सांगायला नको होतं, हे तिच्या लक्षात आलं. आता प्रश्नाचं उत्तर त्याच्या खिशात होतं.

"परत घे," तो म्हणाला.

तिने परत घेतलं. तो मघापेक्षा जास्त वेळ ऐकत बसला. कपाळाला आठी पडली, मग हळूहळू सुटली.

"डावीकडे," तो म्हणाला. "अगं, आहे! डावीकडे आहे. मघाशी माझं लक्षच नव्हतं तिकडे."

लहानपणी त्याची थाप तिला लगेच कळायची. थाप मारताना तो भराभर बोलायचा. आत्ता तो सावकाश बोलत होता, आणि चेहऱ्यावर सुटकेखेरीज काही नव्हतं. तिने कागदावरचा 'उजवा' खोडला. त्याच्यापुढे काही लिहिलं नाही. पहिलं उत्तर खरं की दुसरं? दोन्ही खरी कशी असतील?

"लिही की चिठ्ठी. मालक माझ्या जिवावर उठलाय."

"एकदा शेवटचं. डोळे मीट."

"शाळेतल्या बाई बऱ्या होत्या तुझ्यापेक्षा," असं म्हणत त्याने डोळे मिटले.

तिने काटा कोपरावर आपटला, त्याला ऐकू जाईल इतक्या जोरात. मग दोन बोटांनी पाती धरून काटा पुरता शांत केला आणि तो मुका काटा त्याच्या कपाळावर टेकवला. हे करताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

"कुठे?"

"डावीकडे," तो लगेच म्हणाला.

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रागवायचं ठरवलं, पण राग येईना. तिने काटा उचलला आणि आवाज न करता ट्रेमधल्या कापसावर ठेवला.

"आणि आता?"

"आहे की. बारीक आहे, शिटीसारखा. हा तुझा काटा बराच वेळ वाजतो गं."

"दादा, डोळे उघड."

त्याने डोळे उघडले. आधी तिचे दोन्ही रिकामे हात पाहिले, मग ट्रेमधला काटा. त्याचा हात आपोआप कपाळावर गेला, तिथे काहीच नव्हतं. तो तसाच थोडा वेळ कान देऊन बसला. मग त्याने डाव्या कानावर तळवा दाबला, काढला, पुन्हा दाबला.

"ठमे," तो हळूच म्हणाला, "मग हे काय वाजतंय?"