घासून न जाणारा डाग

मित्रांनो, डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत तुम्ही बाकावर बसता ना, तेव्हा तुमच्या चपलांखाली जी जुनी पिवळसर फरशी असते, ती मी.

माझा जन्म समुद्राच्या तळाशी झाला. मेलेल्या जीवांची कवचं तिथे थरावर थर साचली, दबली आणि कोट्यवधी वर्षांत त्यांचा चुनखडक झाला. समुद्र हटला, मी राहिले. पुढे खाणीत मला कापलं, चकचकीत केलं आणि इथे आणून बसवलं. "काय देखणी फरशी आहे!" असं गवंडी म्हणाला होता. कौतुक म्हणाल तर तेवढंच.

माझ्या पोटात एक काळसर वेटोळं आहे. त्याने सफाईवाल्या मावशींच्या नाकी नऊ आणले होते. ब्रश झाला, साबण झाला, सोडा झाला; डाग ढिम्म हलेना. मुकादम तर ऐकून घेणाऱ्यातला नव्हताच.

"उद्या हा डाग दिसला, तर परवापासून तुम्ही येऊ नका," त्याने सुनावलं.

मावशींची चूल या नोकरीवरच पेटत होती. दुसऱ्या दिवशी "आज हा डाग घालवतेच!" म्हणत त्यांनी अ‍ॅसिडची बाटली आणली. चार थेंब पडताच मी फसफसले. चुनखडकाचं अ‍ॅसिडपुढे काही चालत नाही हो, तो विरघळतो!

बाकावर एक आजोबा औषध घातलेले डोळे मिटून बसले होते. जन्मभर बस चालवलेली, पण दगडांविषयीची पुस्तकं वाचायचा भारी नाद.

"मावशी, थांबा! फसफसतोय म्हणजे चुनखडक तो. डाग कसा दिसतो?"

"कसा म्हणजे? डागासारखा डाग!"

"नीट बघून सांगा. मला आत्ता धड दिसत नाही."

मावशी पहिल्यांदाच घासायला नाही, बघायला वाकल्या. "गोल आहे... आतल्या आत वळत गेलाय. बारीक कंगोरेही आहेत. अगंबाई, शंखासारखा की हो!"

"त्यात एक जीव राहायचा. माणूस जन्मालाही यायचा होता तेव्हा."

मावशींनी भराभरा पाणी ओतलं. तेवढ्यात मुकादम आला.

"निघाला का डाग?"

"निघणार नाही. आधी खाली वाकून बघा, मग काय ते बोला!"

कुरकुरत मुकादम वाकला. वाकला तो बराच वेळ उठेना. "मी रोज यावरूनच जातो की," तो पुटपुटला. मावशींची नोकरी राहिली.

अ‍ॅसिडचा पांढरा चट्टा माझ्या अंगावर कायमचा राहिला. मित्रांनो, एवढंच मागते: एखादी गोष्ट खरवडून टाकण्याआधी ती काय आहे, ते विचारा.

त्या संध्याकाळी दवाखाना रिकामा झाल्यावर मावशींनी त्या वेटोळ्यावरून हलकेच ओला फडका फिरवला.

"इतकी वर्षं घासत होते रे तुला," त्या म्हणाल्या. "दुखलं का?"

कोट्यवधी वर्षांत त्याला हे कोणी पहिल्यांदाच विचारलं.