पेटीचं झाकण

“जशी होती तशीच कर, बुधाजी,” मैनाबाई गोठ्याच्या दारातून म्हणाल्या.

“जशी होती तशी म्हंजे चालतच नवती ना माय,” त्यांचे चिरंजीव पंजाबराव हसले. “बारा वर्सं कोंबड्या अंडे देऊन राहिल्या तिच्यात. तशीच ठिवाची का?”

मी मोटारीखाली पाठीवर पडून चेसीस तपासत होतो. वर कडब्याच्या पेंढ्या, बाजूला बैल. अठ्ठावन्न सालचा श्रावण होता. अचलपूरच्या खुशालरावांनी ही विलायती मोटार तीस सालाच्या सुमारास आणली होती. लाकडी आऱ्यांची चाकं, रबरी फुग्याचा भोंगा, पायदानावर हत्यारांची सागवानी पेटी. खुशालराव वारले आणि मोटार गोठ्यात गेली ती गेलीच. आता त्यांचा मुलगा ती बाहेर काढायला निघाला होता, आणि त्याने राजापेठेतल्या माझ्या गॅरेजात निरोप धाडला होता.

“जीपचं इंजिन टाक, जीपचे चाकं टाक, सेल्फ लाव,” पंजाबराव म्हणाले. “सकाळी निघालो का जेवाच्या टायमाले अकोल्यात पायजे मी.”

“तुहे बाबा जीपमंधी बसत नवते.”

“बाबा गेले ना माय आता.”

“गाडी तं नाई गेली.”

मी बाहेर सरकलो, हात पुसले. “माय, चाकं, भोंगा, रंग, पेटी, सारं जुनंच ठिवू. इंजिनही तेच, बोअर करून घेऊ. पन ब्रेक नवे लागतीन. हे दांड्याचे ब्रेक हायेत. उतारावर गाडी थांबाची म्हंजे देवाचं नाव घ्या लागते.”

“तू आता देवाचं नाव घेत नसशीन,” पंजाबरावांनी टोमणा मारला.

“म्हनून तं नवे ब्रेक सांगून राहिलो, भाऊ.”

मैनाबाई हसल्या. पण हसता हसता त्यांची नजर मोटारीकडेच होती. त्यांना त्या मोटारीत काहीतरी जपायचं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. काय, ते मी विचारलं नाही.

गड्याने चहा आणला. माझा कप भिंतीतल्या बाहेरच्या कोनाड्यातून निघाला. त्याचा कान तुटलेला होता. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोन वर्षं होत आली होती. मी चहा निंबाच्या मुळाशी ओतला आणि कप पालथा ठेवला. मैनाबाईंनी ते पाहिलं. आठवड्याने मी मोटार न्यायला ट्रक घेऊन गेलो, तेव्हा त्या स्वतः घरातली कपबशी घेऊन आल्या. “घे बावा,” एवढंच म्हणाल्या. मी प्यालो. माणसाचं मन कसं असतं पाहा, मला तो पहिला कप लक्षात राहिला आणि हा दुसरा मी विसरलो.

मोटार दोराने ओढून ट्रकवर चढवली. ती हलेपर्यंत मैनाबाईंचा हात हत्यारांच्या पेटीवर होता. तेही मी पाहिलं, आणि तेव्हाही विचारलं नाही.

पुढचे दोन महिने मी दुसरी गाडी हातात घेतली नाही. अकोल्याच्या भंगार बाजारात तीन चकरा मारून लढाईतल्या जीपचे तेलाचे ब्रेक मिळवले. ते लाकडी चाकांना बसेनात. लेथवाल्याकडून तबकड्या करून घेतल्या, दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा बसल्या. बटणावर सुरू व्हावी म्हणून सेल्फ लावला, पण फिरवायचा हँडल पुढे लटकताच ठेवला. बैलाने हूड चघळलं होतं, तेवढं नवं शिवून घेतलं. रंगाचं तर मी फारच मनावर घेतलं. मडगार्डच्या दुमडीत चिखलाखाली नखाएवढा मूळचा हिरवा शाबूत सापडला. त्याच्याशी मेळ बसेपर्यंत चार डबे वाया घालवले. माझी बायको भागीरथा म्हणाली, “पोरीच्या लग्नात बी एवढे रंग पाह्यले नवते तुमी.”

रस्त्यावरची माणसं थांबून पाहायची. बाहेरून सारं जुनं, आतून नवं. आपल्याला दोन्ही साधलं, असं मला वाटत होतं.

शेवटी राहिली पेटी. दसऱ्याच्या दोन दिवस आधी ती उतरवून बाकावर घेतली. खंडेनवमीला घरची हत्यारं पुजायची म्हणून मायलेक दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला येणार होते. झाकण उघडलं. आतल्या बाजूला तेलात कालवलेल्या शेंदराचे थरावर थर होते, काळे पडलेले, खरपुडीसारखे. मधेच कुठे लाल.

पूर्वी मीही पाने-हातोड्यांना शेंदूर लावायचो. नागपूरहून आलो त्या दिवशी सगळी हत्यारं रॉकेलने धुतली. त्यानंतर त्यांना लागलं ते फक्त ग्रीस. त्याचा मला आजही पस्तावा नाही. पण ती हत्यारं माझी होती. ही पेटी माझी नव्हती.

शेंदूर पाहिला आणि कान तुटलेला कप आठवला. मी रंधा घेतला. हात गरजेपेक्षा जरा जास्त जोरात चालला, हे आज कबूल करतो. खरपुडी निघाली तसे खाली खिळ्याने ओढल्यासारखे ओरखडे दिसले. एकाखाली एक, नीट ओळीने. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. ते मी त्याच हिवाळ्यात शिकलो, विहाराच्या रात्रीच्या वर्गात, पोरांच्या मागे बसून. त्या दिवशी मला ते नुसते ओरखडे होते. ते जाईपर्यंत मी रंधा मारला, मग पॉलिश केलं. साग असा उजळला की त्यात तोंड दिसावं.

दुसऱ्या दिवशी मायलेक एसटीने आले. पंजाबरावांनी सेल्फ दाबला, गाडी एका दमात सुरू झाली. राजापेठेत एक चक्कर मारून त्यांनी ती माझ्या दारात आणून थांबवली, धक्का नाही, आवाज नाही.

“वा रे बुधाजी! हे तं नवी नवरी हाये!”

“म्हातारीच हाये भाऊ. गुडघे तेवढे नवे बसवले.”

मैनाबाई गाडीभोवती फिरत होत्या. आऱ्यांवरून हात फिरवला. मडगार्डजवळ थांबल्या. “तोच रंग आनला रे बावा.” मी भोंगा दाबून दाखवला. त्यांनी डोळे मिटले. “हाच आवाज,” म्हणाल्या. मला वाटलं, झालं, आपण जिंकलो.

मग कमरेची शेंदराची छोटी डबी काढून त्या पायदानाशी बसल्या आणि त्यांनी पेटीचं झाकण उघडलं.

त्यांनी बोटाने लाकूड चाचपलं.

“इथं होते ना रे.”

“काय माय?”

“शालूचे हात.”

पंजाबराव गाडीतून उतरले. त्यांची मोठी बहीण होती हे त्यांना ठाऊक होतं, ती आठवत नव्हती. ती गेली तेव्हा ते पाळण्यात होते.

“दर खंडेनवमीले तिचे बाबा तिचा हात शेंदरात बुडवत अन् इथं ठेवत,” मैनाबाई म्हणाल्या. “बाजूले खिळ्यानं नाव अन् साल. सात दसरे. आठव्याच्या आंधी तिले देवी निघाल्या.” उघड्या झाकणाकडे बघतच म्हणाल्या, “फोटो नवता काढला. उद्या काढू, उद्या काढू, करत राह्यलो.”

“मले वाटलं तुले गाडी बाबासाठी पायजे होती,” पंजाबराव हळूच म्हणाले. “सांगितलं काहून नाई माय?”

“काय सांगाचं? मी म्हनलं तं होतं, जशी होती तशीच कर.”

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

“तुले कसं माईत असन बावा,” त्याच म्हणाल्या. “रंधा मारला का?”

“हो माय.”

“मंग छिलपे कोठी हायेत?”

मी भागीरथेकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. रंध्याचे छिलपे तिने सकाळी चुलीत घातले होते. त्यांच्यावरच झालेला चहा मायलेकांनी आल्या आल्या घेतला होता.

मी बाकाखाली शिरलो. ग्रीसचे डबे सरकवले, फडकी झटकली, नटांचं टोपलं पालथं केलं. भिंतीच्या कडेला तीन छिलपे सापडले. कांद्याच्या सालीसारखे पातळ, गुंडाळलेले. एका अंगाने लाकूड, दुसऱ्या अंगाने शेंदूर. कोणत्या सालचे, कोणत्या बोटाचे, कसं सांगणार. मी ते तळहातावर ठेवून त्यांच्यापुढे धरले.

मैनाबाईंनी पदर पसरला. त्यात ते अलगद घेतले आणि सैल गाठ मारली, आतलं चुरगळणार नाही इतपत.

“लाव माय शेंदूर,” पंजाबराव म्हणाले. “मी ठिवतो हात. नाईतर तू ठिव.”

मैनाबाईंनी डबी उघडली. त्या चकचकीत झाकणाकडे पाहिलं. डबी पुन्हा बंद केली.

“चाल,” म्हणाल्या. “उन्ह चढून राहिलं.”

मला सांगायचं होतं की माय, हात जोरात चालला, आणि तो का चालला तेही. नाही सांगितलं. पुढे त्या आणखी अकरा वर्षं होत्या. अचलपूरला माझं जाणं झालं, त्यांच्या घरात बसून चहाही झाला, पण सांगणं झालं नाही.

गाडी निघाली. मी दारात उभा होतो. वळणावर एक बैलगाडी आडवी आली. पंजाबरावांनी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली, जराही हिसका न देता. मागच्या सीटवर मैनाबाईंनी पदराची ती गाठ दोन्ही हातांत अधांतरी धरली होती.