कुवाबारा-सानच्या पायावर पाय

अनुजिनचा पाय कुवाबारा-सानच्या पायावर पडला तो जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी. बसची वेळ होत आली होती. दाराच्या आत जोडे काढायची जागा जेमतेम दोन माणसे उभी राहतील एवढी. कुवाबारा-सान कोपऱ्यावर कचऱ्याची पिशवी ठेवून नुकत्याच परतल्या होत्या. पायांत मोजे, आणि त्यावर बागेतल्या रबरी चपला. अनुजिन जिना धडधडत उतरली, बुटांत पाय कोंबले, वळली आणि तिच्या जाड बुटाची टाच म्हाताऱ्या बाईच्या उजव्या अंगठ्यावर आली.

कुवाबारा-सान ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त श्वास आत ओढला.

अनुजिनचा हात आपोआप पुढे झाला. तिच्या गावी, अर्वाइखेरच्या बाजारात, शाळेच्या दारात, तंबूत दाटीवाटीने बसलेल्या पाहुण्यांत कुठेही कुणाचा पाय तुडवला की हात पुढे करायचा, समोरच्याने तो धरायचा आणि दोघांनी आपापल्या कामाला लागायचे. एक शब्दही लागत नाही. हात धरला गेला नाही तर त्या दोघांत वैर उगवते, हे मंगोलियातल्या चार वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते.

कुवाबारा-सानने त्या हाताकडे पाहिले. मग स्वतःचा हात कोटाच्या मागे नेला आणि कमरेत वाकून म्हणाल्या, "काही नाही, काही नाही. मीच वाटेत उभी होते." अनुजिनही वाकली. त्या पुन्हा वाकल्या. मग दार उघडून अनुजिन बर्फातून बसकडे पळाली. उजवा हात कुठे ठेवावा हे तिला बसमध्ये बसल्यावरही कळेना.

हे घर तिला हवे होते. ऑक्टोबरात ती जपानमधल्या त्सुरुओकाला आली तेव्हा महाविद्यालयाने तिला स्टेशनपलीकडच्या एका इमारतीत खोली दिली होती. एकेकट्या माणसांच्या चाळीस खोल्या, चाळीस दारे. दुसऱ्याच आठवड्यात तिला ताप भरला. चार दिवस ती पडून होती. पाचव्या दिवशी वर्गात गेली तर कुणी काही विचारले नाही. ती आलीच नव्हती हे ज्यांच्या लक्षात आले नाही, त्यांच्या ती परत आल्याचे तरी कसे लक्षात यावे? दुधावरच्या प्रक्रिया शिकायला ती आली होती. तिथे सगळे पांढरे टोप आणि तोंडाला फडके बांधून शेजारी शेजारी उभे राहत, आणि तास संपला की आपापल्या सायकली काढून जात.

परदेशी विद्यार्थ्यांचे काम पाहणारे तोबिता-सान यांनीच मग या घराचे सुचवले. गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी विद्यार्थी ठेवायचा, असा महाविद्यालयाचा एक उपक्रम होता. कुवाबारा-सान बहात्तर वर्षांच्या, नवरा जाऊन सहा वर्षे झालेली, वरचा मजला रिकामा. तिथे एक मोरी आणि विजेची शेगडी होती. फेब्रुवारीअखेरपर्यंत राहून पाहायचे, मग तोबिता-सान येऊन दोघींना विचारणार. दोघींनी हो म्हटले तर वर्षभर राहायचे. एकीनेही नाही म्हटले तर अनुजिनने पुन्हा त्या चाळीस दारांत जायचे.

तेव्हा पाय तुडवला गेला त्या दिवशी फेब्रुवारीअखेर दीड महिन्यावर होती.

आईला तिने फोनवर सांगितले. आई बाजारात दही आणि वाळवलेल्या चक्क्याचे तुकडे विकायची. गिऱ्हाईक समोर असताना ती लेकीशी बोलायची आणि लेकीशी बोलता बोलता गिऱ्हाइकाशी भांडायची. पण हे ऐकल्यावर ती थांबली.

"हात धरलास ना?"

"तिने दिलाच नाही, आई."

"मग घे की. ज्या घरात निजायचं, तिथं वैर घेऊन निजू नये गं माझे लेकी."

तेमूलेन नावाचा तिच्याच शाळेतला एक मुलगा चार वर्षे ओसाकात होता. त्यालाही तिने विचारले. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "इथं कोण हात देतंय? घर पेटलं तरी आधी कमरेत वाकतील, मग बादली शोधतील. सोडून दे. तू काय गावची म्हातारी आहेस?" पुढे तो दुसऱ्याच कशाबद्दल बोलत राहिला. फोन ठेवल्यावर मात्र अनुजिनच्या ध्यानात आले की विमानतळावर आईने तिचे कपाळ हुंगले होते, त्यानंतर तिला एकाही माणसाचा स्पर्श झालेला नाही. दुकानात पैसे छोट्या तबकात ठेवायचे आणि तबकातूनच परत घ्यायचे. देशात शिरताना बोटांचे ठसे घेतले तेही यंत्राने. हाताला धरून बोट नीट ठेवायला कुणी आले नव्हते.

तिने प्रयत्न सोडला नाही. एकदा तिने गावातल्या दुकानातून गोड सोयाबीनच्या वड्या आणल्या आणि खाली जाऊन दोन्ही हातांनी पुढे केल्या. घेताना बोटांना बोटे लागतीलच, असा तिचा हिशेब. कुवाबारा-सान वाकल्या, आभार मानले आणि ट्रे पुढे केला. वड्या ट्रेवर गेल्या. दुसऱ्या वेळी अंगणातला बर्फ ओढताना तिने फावडे त्यांच्या हातात द्यायचे ठरवले. कुवाबारा-सान म्हणाल्या, "तिथे भिंतीला टेकवून ठेवा, मी घेते." तिसऱ्या वेळी काय करावे ते तिला सुचले नाही.

कुवाबारा-सान तशा फार बोलत नसत. सांगायचे असेल ते जाहिरातीच्या कागदामागे पेन्सिलीने लिहून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवायच्या. "उद्या पाणी दहापर्यंत बंद." "अंघोळीचे पाणी गरम आहे." कधी चिठ्ठीवर पर्सिमॉनचे एखादे सुकवलेले गोड फळ असे. त्या मंगळवारनंतर पहिली चिठ्ठी आली ती अशी: "पाय बरा आहे. मनावर घेऊ नये." अनुजिनने शब्दकोश काढून ती तीनदा वाचली. जे मनावर घ्यायचे नाही तेच नेमके कागदावर आले, म्हणजे ते त्या बाईच्या मनात आहे. चिठ्ठीबरोबर पर्सिमॉन नव्हते.

आणि फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी तिसऱ्या पायरीवर हातमोजे होते. करड्या लोकरीचे, मनगटाशी लाल पट्टी. चिठ्ठी नव्हती.

अनुजिन जिन्यावरच बसली. तिच्या गावी थंडीत पारा उणे तिसावर जातो, तरीही समोरच्याला हात द्यायचा तर आधी हातमोजा काढावा लागतो. हातमोज्यासकट दिलेला हात म्हणजे तोंडावर केलेला अपमान. आणि इथे तर जिने हात मागितला तिला हातमोजेच दिले होते. याहून स्पष्ट कसे सांगणार? तुझा उघडा हात मला नको. तिला रडू आले नाही. तिने हातमोजे नीट एकावर एक ठेवले आणि जिथे होते तिथेच, तिसऱ्या पायरीवर, सोडून दिले.

संध्याकाळी ती परतली तेव्हा ते तिथे नव्हते. त्यानंतर चिठ्ठ्याही बंद झाल्या.

तीन आठवडे दोघी एका घरात राहिल्या. सकाळी "जाऊन येते" म्हटले की आतून "या" असे उत्तर येई. तेवढेच. अनुजिन जिना आता पाय न वाजवता उतरायची. अंघोळीची जागा ती आधीपेक्षा जास्त कोरडी करायची, दिवा आधी मालवायची, आणि आपण या घरात असल्याची एकही खूण मागे राहू नये यासाठी झटायची. असे केले तर आपल्याला राहू देतील असे तिला वाटत होते.

तोबिता-सान शेवटच्या गुरुवारी दुपारी आले. चष्म्यावर बर्फाचे पाणी, काखेत फाइल. खालच्या खोलीत, रजईने झाकलेल्या बुटक्या टेबलाभोवती तिघे बसली. टेबलाखालच्या विजेच्या शेगडीच्या उबेत पाय होते, तरी अनुजिनने आपले गुडघे अंगाशी ओढून घेतले होते. पुन्हा कुणाला लागायला नको. चहा झाला, बर्फाबद्दल बोलणे झाले. मग तोबिता-सानने फाइल उघडून, दर घरी विचारतात तसे, कुवाबारा-सानना विचारले, मुलीला वर्षभर ठेवाल का.

कुवाबारा-सानने कप खाली ठेवला. मुलगी चांगली आहे, म्हणाल्या. वेळेवर येते, स्वच्छ राहते, आवाज नाही. मग थोडे थांबून म्हणाल्या, "पण या घरात तिचा जीव गुदमरतो, तोबिता-सान. हल्ली तर ती जिनासुद्धा चोरासारखी उतरते. मी दिलेलं तिला काही नको असतं. तिला तिच्या वयाच्या मुलींत ठेवा."

तोबिता-सानने पेन्सिल उचलली आणि अनुजिनकडे पाहिले. या देशातला रिवाज असा, की अशा वेळी दुसऱ्याने मान लववून "आजवर सांभाळलंत" म्हणायचे आणि गोष्ट तिथे संपवायची. ते वाक्य तिला पाठ होते. वर्गात पहिल्याच महिन्यात घोकून घेतले होते.

"मी तुमचा पाय तुडवला," ती म्हणाली. "जानेवारीत."

कुवाबारा-सानना काही कळले नाही. अनुजिन बोलत राहिली. तिच्या तुटपुंज्या भाषेत छोटी छोटी वाक्येच बसत. आमच्याकडे पाय तुडवला की हात देतात. मी दिला. तुम्ही घेतला नाही. मग वैर होतं. मला वैर नको होतं. वड्या आणल्या. फावडं आणलं. तुम्ही हातमोजे दिले. आमच्याकडे हातमोजा घालून हात देणं वाईट. मला वाटलं, तुम्ही म्हणता, हात देऊ नकोस.

"अरे देवा," तोबिता-सान म्हणाले, "म्हणजे दीड महिना या घरात युद्ध चालू होतं आणि कार्यालयाला पत्ता नाही." ते हसले. बाकी कुणी हसले नाही म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

कुवाबारा-सान टेबलाकडे बघत होत्या. "तुमचा हात लाल झाला होता," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, थंडीनं फुटलाय तो दाखवताय. परदेशातली पोर, हातमोजे आणायचं सुचलं नसेल. म्हणून विणले. डोळ्यांना आता दिसत नाही नीट, अकरा दिवस लागले. आणि तुम्ही ते पायरीवरच ठेवून दिलेत."

अनुजिनने मान खाली घातली. तिला उणे पाच अंशांत कधी थंडी वाजत नाही, तिचे हात लहानपणापासून लालच आहेत, हे सांगण्यात आता काही अर्थ नव्हता.

शेगडीवर किटली उकळत होती. कुवाबारा-सानने विचारले, "तो हात किती दिवसांत द्यायचा असतो?"

"लगेच."

"म्हणजे मुदत गेली."

"गेली," अनुजिन म्हणाली. खोटे बोलणे तिला जमले नाही.

कुवाबारा-सान गुडघ्यावर हात टेकून, दोन टप्प्यांत, उठल्या. दाराशी गेल्या, फळीवरून खाली, जोडे काढायच्या जागेत उतरल्या आणि त्यांनी रबरी चपला पायांत घातल्या. मग वळून म्हणाल्या, "या. बूट घाला."

"कुवाबारा-सान, अहो, या वयात..." तोबिता-सान अर्धवट उठले.

"तुम्ही फाइल वाचा."

अनुजिनने बूट घातले. दोघी त्या चिंचोळ्या जागेत समोरासमोर उभ्या राहिल्या. कुवाबारा-सानने डावा पाय थोडा पुढे केला. "उजव्याला कुरूप आहे. याच्यावर द्या. आणि बेताने."

तिने टाच टेकवली, पुरती टेकवलीही नाही.

"लागलं?" तिने विचारले.

"लागलं म्हणायचं."

अनुजिनने हात पुढे केला. कुवाबारा-सानने तो धरला. त्यांना हे माहीत नव्हते, की दाबायचे किती आणि सोडायचे कधी. तळवा लहान, कोरडा, कागदासारखा. तर्जनीच्या टोकाला विणकामाच्या सुईने पडलेले घट्टे. हात केव्हाच सुटला असता, पण सोडायची वेळ झाली हे अनुजिनने त्यांना सांगितले नाही. शेवटी आत तोबिता-सान खाकरले.

काय लिहू, असे त्यांनी विचारले. "तिला विचारा," कुवाबारा-सान म्हणाल्या. अनुजिन हो म्हणाली. मग कुवाबारा-सान म्हणाल्या, "एक वर्ष. त्याच्या पुढचं तेव्हा बघू. तेव्हा मी असेन नसेन." तोबिता-सानने दोन ठिकाणी सह्या घेतल्या, उरलेला चहा घाईने प्याले आणि पुढच्या म्हाताऱ्या माणसाकडे निघून गेले.

दार लागल्यावर घर पूर्वीसारखेच शांत झाले. आता काहीतरी बोलायला हवे असे दोघींनाही वाटले असावे. कुवाबारा-सान म्हणाल्या, रात्री बर्फ वाढणार आहे. अनुजिन म्हणाली, हो, बातम्यांत सांगत होते. मग एक खाली राहिली आणि एक वर गेली.

अनुजिनने आईला फोन लावला. आईने उचलला नाही. बाजाराची वेळ होती. तिने भात लावला आणि खिडकीपाशी बसली. दीड महिना ती याच उत्तरासाठी जीव मुठीत धरून होती, आणि आता ते मिळाले होते. एक वर्ष. ते केवढे असते याचा तिने आजवर विचारच केला नव्हता. समोरच्या छपरावर बर्फ साचत होता. मार्च, एप्रिल, मे, अशी तिने आपल्या भाषेत मोठ्याने नावे घेऊन पाहिली आणि ऑगस्टपाशी ती थांबली. अजून अर्धे वर्ष उरले होते.

खाली जेवण झाल्याचा आवाज आला. नळ सुरू झाला. एक वाटी, एक बशी, चॉपस्टिकची एक जोडी. नळ बंद झाला. थोड्या वेळाने वर अनुजिन जेवली, आणि तिनेही आपली एक वाटी आणि एक बशी धुऊन पालथी घातली.